अर्ध्या सीझनचं मत

भाऊजी : वहिनी, रागावणार नसाल तर एक विचारतो. मला इथं बोस्टनला येऊन अकरा दिवस झाले. एवढ्यात तुमच्या तोंडून बेसबॉलबद्दल तीसेक मतं ऐकली असतील. संघानं डेव्हर्सला दुसरीकडे दिला ते बरं केलं की वाईट, एकवीस वर्षांच्या रोमन अँथनीला रोज उतरवावा का, महिनाअखेर आणखी एक पिचर घ्यावा का. चहा गाळताना मत, भाजी निवडताना मत, गाडी चालवताना तर मतंच मतं. बरं, हे सगळं कधी? तर २०२५ च्या जुलैत, १६२ सामन्यांपैकी ९८ झालेत, रेड सॉक्स ५३ जिंकलेत, ४५ हरलेत आणि ६४ अजून व्हायचेत. पोळी तव्यावर असताना ती कशी झालीय यावर एवढी चर्चा कशाला? थांबा की जरा.

वहिनी : पोळी फुगणार की नाही ते तव्यावर असतानाच बघायचं असतं, भाऊजी. ताटात पडल्यावर ती कशी झालीय हे सांगायला स्वयंपाक यावा लागत नाही, नुसतं तोंड पुरतं. सीझनच्या शेवटी, ऑक्टोबरात सगळ्यांनाच सगळं कळतं. एप्रिलपासून संघात कोण आहे कोण गेलं याचा पत्ता नसलेली माणसं ऑक्टोबरात नवी टोपी घालून येतात आणि मलाच विचारतात, 'हा नवीन का गं?' अशांचा मला मनस्वी कंटाळा आहे. माझा एकच नियम : मत द्यायचा हक्क रोज बघणाऱ्याचा. जुलैतल्या एखाद्या मंगळवारी पावसानं दोन तास खोळंबलेली, सात रनांनी हरत चाललेली गेम ज्यानं शेवटपर्यंत बघितली, त्यानं बोलावं. तो चुकेल, पण निदान त्यानं पाहिलेलं असतं.

भाऊजी : पण चुकलं तर चुकलं, बिघडलं काय, हाच माझा मुद्दा आहे. तुमच्या मतानं एक पैसा इकडचा तिकडे होत नाही. या डेव्हर्सचंच घ्या. दहा वर्षांचा करार, ३१ कोटी ३५ लाख डॉलर. ज्यांनी दिला त्यांनीच अडीच वर्षांत त्याला सॅन फ्रान्सिस्कोला पाठवून दिलं. तुम्हाला विचारलं? तुम्ही त्याच्या नावाचा शर्ट घेतलात, तो आता कपाटात खालच्या कप्प्यात आहे, मी पाहिला. दुकानदारानं माल बदलला आणि गिऱ्हाईक रात्रभर रडलं, अशातली गोष्ट. एका कंपनीसाठी तुम्ही जीव टाकता आणि त्याला निष्ठा म्हणता. निष्ठा एका बाजूनं चालत नाही, वहिनी.

वहिनी : रडले नाही. भांडी जरा जोरात घासली. तुम्हाला दिसलेला आकडा खरा आहे, पण त्या आकड्याच्या आत एक घरगुती भांडण आहे ते ऐका. हा मुलगा डॉमिनिकन रिपब्लिकमधला, सोळाव्या वर्षी या संघानं त्याला करारावर घेतला. २०१८ साली वर्ल्ड सिरीज जिंकली त्यात तो होता. थर्ड बेस त्याचा. यंदा फेब्रुवारीत त्यांनी ब्रेगमन नावाचा दुसरा थर्ड बेसवाला आणला आणि याला सांगितलं, आता तू नुसती बॅटिंग कर, फिल्डिंगला उतरू नकोस. आधी घुश्श्यात होता, मग ऐकलं. मे महिन्यात फर्स्ट बेसवर खेळणाऱ्या कासासचा गुडघा गेला, पुढच्या हाडाला धरणारा स्नायूबंधच तुटला, सीझन संपला त्याचा. आता हे परत डेव्हर्सकडे : तू फर्स्ट बेस शिक. तो म्हणाला, नाही, तुम्ही मला ग्लोव्ह बाजूला ठेवायला सांगितलात, आता ठेवलाय. झालं. १५ जूनला, रविवारी, यँकीजना तिसऱ्यांदा हरवलं, त्या गेममध्ये यानं होमरन मारला, आणि संध्याकाळी बातमी आली की याला दिला. मोठ्या मुलाला आधी खोली रिकामी कर म्हणायचं, मग पाहुणे वाढले की माळ्यावर झोप म्हणायचं, आणि तो कुरकुरला की 'घराची शिस्त' काढायची. दुसऱ्या बाजूनं बघाल तर एवढे पैसे घेणाऱ्यानं घराची अडचण ओळखून पुढे यायला नको? माझं मत महिन्याभरात दोनदा बदललंय. तुम्ही म्हणता कंपनी. मला तर आपल्या माधवनगरच्या काकांकडचं वाटणीपत्र आठवतं.

भाऊजी : काकांची वाटणी तुम्ही यात आणू नका, ते प्रकरण अजून कोर्टात आहे. आणि बेसबॉलवाल्यांची ही एक वाईट खोड. खेळ सांगता सांगता कधी संसार सांगायला लागतील नेम नाही. दहात सात वेळा चुकला तरी बॅटर थोर ठरतो, म्हणून आयुष्यातही अपयश पचवावं, वगैरे वगैरे. हे मला परवा दादानंही ऐकवलं. मी त्याला म्हटलं, पोस्टमननं दहापैकी सात पत्रं चुकीच्या घरी टाकली तर?

वहिनी : ते वाक्य इथल्या प्रत्येक ऑफिसात भिंतीवर असतं, ते सोडून द्या. मी संसार त्यात शोधत नाही. उलट सांगते, मी ती गेम लावते ती संसार चालू असताना लावते. तेवढंच नातं आहे. क्रिकेट तुम्ही सगळं बाजूला सारून बघता. परवा सोमवारी सकाळी सहाला माझ्या सोफ्यावर बसलात ते दुपारी बारापर्यंत हललात नाही. लॉर्ड्सवर १९३ हवे होते, १७० वर सगळे गेले. जडेजा १८१ चेंडू खेळून ६१ वर नाबाद, आणि तुम्ही माझ्या टीव्हीला सांगताय, 'अरे आता तरी मार!' शेवटी सिराजनं अडवलेला चेंडू मागे घरंगळत स्टंपला लागला आणि तुम्ही जेवलात नाही. मी काही बोलले? पाचातल्या तीन कसोटी झाल्यात, म्हणजे तुमचीही पोळी तव्यावरच आहे. तरी गिलच्या कॅप्टनशिपवर तुमचं मत तयार.

भाऊजी : कबूल. बावीस रन हो, वहिनी, बावीस. पण तो सण आहे. सणाला माणूस वेड्यासारखं वागतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. तुमचं रोज. सहा महिने, जवळजवळ रोज. सण रोज आला की त्याला व्यसन म्हणतात.

वहिनी : रोज आला की त्याला वरण-भात म्हणतात. सणाचं कौतुक करायला सांगावं लागत नाही, वरण-भाताची चव ज्याला कळते त्याच्याशी मला बोलायचंय. आता हे सलग दहा जिंकले म्हणून शहर नाचतंय. पण त्या दहांत नॅशनल्सविरुद्ध तीन आणि कोलोरॅडोच्या रॉकीजविरुद्ध तीन, म्हणजे सहा तर पडलेल्या भिंतीला धक्का दिल्यासारखे. खरे टँपाविरुद्धचे चार. त्यातही शनिवारी आमच्या पिचरनं, क्रोशेनं, एकट्यानं सगळ्या नऊ इनिंग टाकल्या, १-० नं जिंकली, ती गेम मी भेंडी चिरता चिरता पाहिली आणि आठव्या इनिंगपासून सुरी खाली ठेवून उभी राहिले. आजकाल शंभर चेंडूंच्या आसपास पिचरला काढतात. याला काढला नाही. तेवढं ठेवलं आणि परत भेंडीकडे वळले. हे सणात होत नाही.

भाऊजी : तुम्ही निष्ठेचं उत्तर दिलंच नाहीत. हाच संघ का? तुमचा जन्म मिरजेचा. या संघाशी तुमचं काय नातं?

वहिनी : सासरचं. निवडून कुठे घेतलं? २००१ साली लग्न होऊन इथं उतरले, तुमच्या दादाची नोकरी या गावात होती म्हणून हा संघ. न्यूयॉर्कला असती तर यँकीज झाले असते, बोलायला लाज वाटते पण खरं आहे. आणि सासरी गेल्यावर जशा घरातल्या जुन्या गोष्टी हळूहळू कानावर येतात, तसं झालं. १९१८ नंतर जिंकले नव्हते, बेब रूथला विकला होता, हे तर शेजारीपाजारीच सांगतात. जे घरचे सांगत नाहीत ते नंतर कळलं. जॅकी रॉबिन्सन १९४५ च्या एप्रिलमध्ये याच फेनवे पार्कात चाचणी द्यायला आला होता, त्याला घेतला नाही. १९४७ साली तो ब्रुकलिनकडून खेळला. या संघानं काळा खेळाडू मैदानात उतरवला तो १९५९ च्या जुलैत, पंप्सी ग्रीन. सगळ्या संघांत शेवटचा. आणि मी, माझ्या या रंगाची, त्याच संघाची टोपी घालून फिरते. याचा हिशोब मला नीट लागत नाही. सासरच्या पूर्वजांचं पाप सुनेकडे येतं का? पण 'आमचे' म्हणायचं तर १९५९ ही आमचं, नुसतं २००४ चं जिंकणं नाही.

भाऊजी : हे मला आवडलं. पण मग मी आता खरं बोलतो, कारण हे मला अकरा दिवस नव्हे, मार्चपासून बोलायचंय. मघाशी तुम्ही कासासच्या गुडघ्याबद्दल बोललात. कुठला बंध तुटला, किती महिने, पुढच्या वर्षी पळेल का, सगळं. मार्चमध्ये मी घरच्या ग्रुपवर आईच्या दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे टाकले. मिरजेचे डॉक्टर म्हणतात, बदलायचे तर आत्ताच, नाहीतर पुढे शरीर साथ देणार नाही. आई एक्याऐंशीची, रक्तदाब आहे, थोडी साखर आहे. मी लिहिलं, 'सगळ्यांनी मत द्या.' दादानं अंगठा दाखवला. तुम्ही लिहिलंत, 'भाऊजी, तुम्ही ठरवाल ते योग्यच असेल.' ज्या पंचवीस वर्षांच्या मुलाला तुम्ही जन्मात भेटणार नाही त्याच्या गुडघ्यावर तुमची चार मतं आहेत, आणि जिनं तुमचं बाळंतपण केलं तिच्या गुडघ्यावर एकही नाही. मतं असावीत, वहिनी, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. जिथं वजन नाही तिथं ती ढिगानं, आणि जिथं एका मतानं पारडं हललं असतं तिथं 'तुम्ही ठरवाल ते'. हा कसला शौक?

वहिनी : बोललात ते बरं केलंत. थांबा, उत्तर देते, सबब वाटली तर वाटू दे. त्या दिवशी तुमचा मेसेज वाचून मी तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा पुसलं. आईंना रात्री दोनदा उठवून बाथरूमला नेतं कोण? तुम्ही आणि तुमची बायको. पाय उतरवताना कळ येते तेव्हा शिव्या खातं कोण? तुम्ही. ऑपरेशननंतर सहा आठवडे व्यायाम करून घेणार तुम्ही. आणि मी साडेबारा हजार किलोमीटरवरून सांगू, करा म्हणून? इथून दिलेल्या सल्ल्याला तिथं काय म्हणतात ते मला माहीत आहे. 'यांना काय जातंय बोलायला.' डेव्हर्सवर मी बोलले तर डेव्हर्सला लागत नाही. तुम्हाला लागतं. म्हणून तिथं बोलते, इथं गप्प बसते. जिथं बोलणं फुकट आहे तिथं बोलून घेतलं, एवढंच.

भाऊजी : नाही, हे मी मान्य करत नाही. कारण तुमचाच नियम तुम्ही सोयीनं वापरताय. मत द्यायचा हक्क रोज बघणाऱ्याचा, बरोबर? मग सरळ म्हणा ना, सांगलीच्या घरापुरते तुम्ही आणि दादा ऑक्टोबरवाले आहात. दिवाळीला येता, नवे कपडे घालता, आईच्या हातची कडबोळी खाता, फोटो काढता आणि विचारता, 'हा कट्टा नवीन का रे?' जुलैतल्या मंगळवारची गेम मी एकटा बघतो. मला त्याचं कौतुक नको. पण रोज बघणाऱ्याचा हक्क म्हणजे रोज बघणाऱ्याचं एकटेपणही असतं. ते तुमच्या नियमात बसवलंय का? तुमच्या स्टेडियममध्ये निदान सदतीस हजार माणसं शेजारी असतात.

वहिनी : बसवलं नव्हतं. कधी सुचलंच नाही. हे वाक्य मला लागलंय, ते तसंच राहू दे, मी त्याच्यावर लगेच काही बोलत नाही. पण एक सांगू? रोज बघणाऱ्याचाही एक आंधळेपणा असतो. रोज बघितलं की हळूहळू बिघडलेलं दिसत नाही. एखादा बॅटर दोन महिने जरा उशिरा बॅट फिरवत असतो, रोज बघणाऱ्याला वाटतं हा असाच खेळतो. सुट्टीवरून आलेला माणूस पहिल्याच दिवशी म्हणतो, 'याला काय झालं?' गेल्या दिवाळीत मी घरात पाऊल ठेवलं आणि पहिलं काय म्हटलं? आईंना डाव्या कानानं ऐकू येत नाही. तुम्ही म्हणालात, लक्ष नसतं तिचं, आपल्याच नादात असते. डॉक्टरांनी काय सांगितलं?

भाऊजी : डावा कान साठ टक्के. हो. ते मला अजून सलतं. दोन वर्षं मी त्या बाजूनं बोलत होतो.

वहिनी : तर ऑक्टोबरवाल्यांनाही तेवढं एक काम असतं. माझा नियम मोडला, मोडू दे.

भाऊजी : मोडला नाही, तुम्ही आत्ता वळवून घेतलात. ठीक आहे. पण मला आणखी एक सतावतंय. तुमची मुलगी. शिकागोहून तिचा फोन आला, मी इथंच बसलो होतो. चौदा मिनिटं. चौदाही मिनिटं डेव्हर्स. महिना झाला त्या गोष्टीला! शेवटी 'चल ठेवते.' तिचं त्या मुलाशी बिनसलंय हे मला दादानं सांगितलं. आई आणि लेक त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. आमच्याकडे निदान 'जेवलीस का?' विचारतात. त्यातून काहीतरी पुढे निघतं. तुमच्याकडे खेळानं बोलण्याची जागा घेतलीय. हे बोलणं नाही, बोलणं टाळायची उत्तम सोय आहे.

वहिनी : 'जेवलास का' हेसुद्धा बोलणं टाळायचीच सोय आहे, भाऊजी. तुमचे बाबा शेवटच्या आजारात होते तेव्हा तुम्ही दोघे भाऊ फोनवर एकमेकांना तेवढंच विचारत होतात, मी ऐकलंय. आणि त्या चौदा मिनिटांत ती डेव्हर्सवर बोलत नव्हती. तुम्ही शब्द ऐकलेत, आकडा मोजलात, पण एक गोष्ट राहिली. ती तीनदा म्हणाली, 'पण आई, त्याला आधी विचारलं तरी होतं का?' बेसबॉल म्हणून बघाल तर त्या प्रश्नाचं उत्तर तिला ठाऊक आहे, महिनाभर सगळीकडे छापून आलंय. तिला कोणाबद्दल विचारायचं होतं ते मला कळलं. मी म्हटलं, 'न विचारता दिला असेल तर चूक त्यांची, त्याची नाही. आणि तो तिकडेही बॅटिंग करेलच.' ती गप्प झाली. मग म्हणाली, चल ठेवते.

भाऊजी : आणि तिला कळलं का, तुम्हाला कळलंय ते?

वहिनी : ...

भाऊजी : हेच म्हणतोय मी. तुम्ही ऐकलंत, मान्य. पण तिच्या बाजूनं बघा. तिनं डेव्हर्सबद्दल विचारलं आणि आईनं डेव्हर्सबद्दल उत्तर दिलं. कदाचित ती फोन ठेवून म्हणाली असेल, आईला काय कळतंय. कोड्यात बोलायचं तर दोघींकडे किल्ली हवी. परवा होमरन डर्बीत तो सिअ‍ॅटलचा रॅले जिंकला, त्याला बॉल टाकत होते त्याचे वडील आणि मागे कॅचर म्हणून बसला होता पंधरा वर्षांचा धाकटा भाऊ. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणालात, बघा, एक शब्द न बोलता तिघांचं कसं जमतं. मला तेव्हाही वाटलं, जिंकला म्हणून जमलं. हरला असता तर घरी जाताना गाडीत काय बोलले असते?

वहिनी : काही बोलले नसते. बापानं बॉल वर पडत होते का विचारलं असतं. पण तुमचा प्रश्न बरोबर आहे. कळलं का, मला ठाऊक नाही. शुक्रवारी रेड सॉक्स शिकागोत खेळायला जातायत, रिग्लीला, ती जाणार आहे. रविवारी तिला एकविसावं संपतं. तेव्हा फोन करीन. डेव्हर्स न काढता बोलता येतं का बघते. भीती वाटते, खरं सांगू का. एवढी वर्षं एका बाजूनं जिना चढलो, आता दुसऱ्या बाजूनं चढायचं.

भाऊजी : एकवीस. म्हणजे २००४. त्या वर्षी आई इथं होती, सहा महिने. दिवाळीला घरात बाबा आणि मी दोघंच. मी अनारसे करायला गेलो आणि तेलात विरघळले. आईचा फोन आला तर ती विचारते, 'अरे, तुला माहितीये का, इथं एक जण बेस चोरतो आणि त्याला शाबासकी देतात!' मला इतका राग आला होता. मला वाटलं, आमची आई नेली आणि हे काय शिकवून पाठवतायत.

वहिनी : माझ्या आईला व्हिसा मिळाला नाही म्हणून तुमच्या आई आल्या. आल्या तेव्हा त्यांना माझ्याशी काय बोलावं कळत नव्हतं आणि मला त्यांच्याशी. एक गणिताची मास्तरीण, एक चिडलेली बाळंतीण. टीव्ही चालू असायचा. त्यांनी दोन आठवडे नुसतं पाहिलं आणि मग विचारलं, 'हे .३०० म्हणजे काय?' मी सांगितलं, हजारात तीनशे. त्यांनी टेड विल्यम्सचं ऐकलं, १९४१ साली शेवटच्या दिवशी .३९९५५ वर होता, बसून राहिला असता तर ती .४०० धरली असती, पण दोन्ही गेम खेळला, आठात सहा हिट, .४०६. तर आई काय म्हणाल्या? 'बरं केलंन. मी ते .४०० धरून दिलं नसतं.' तिथून जमलं आमचं. त्यांनी वही घातली. थांबा, आहे ती, इथंच ड्रॉवरमध्ये आहे. हे बघा. डाव्या पानावर बाळाचं, उजव्या पानावर गेमचं. फिल्डर्सचे नंबर मराठीत : ६-४-३. स्ट्राइक-आउटला त्या 'बा' लिहायच्या, बाद. बॅट न फिरवता झाला तर उलटा 'बा'. आता ३१ जुलै बघा.

भाऊजी : 'नोमार गेला. सूनबाई जेवल्या नाहीत.' एवढंच?

वहिनी : एवढंच. नोमार गार्सियापारा. संघाचा लाडका शॉर्टस्टॉप, त्याला शिकागोला दिला. पोर अकरा दिवसांची होती. मी म्हटलं, संपलं, हे लोक कधीच जिंकणार नाहीत. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात ठाम अर्ध्या सीझनचं मत. आणि त्याच दिवशी त्यांनी लॉस एंजेलिसहून डेव्ह रॉबर्ट्स नावाचा एक राखीव माणूस आणला होता. त्याच्याबद्दल माझं काहीच मत नव्हतं. आईंच्या वहीतही त्या दिवशी त्याचं नाव नाही. आता १७ ऑक्टोबर उघडा. यँकीजविरुद्ध तीन गेम हरलो होतो, चौथी हरलो की घरी. नवव्या इनिंगमध्ये एक रनानं मागे, समोर त्यांचा पिचर रिव्हेरा. मिलारला वॉक मिळाला, त्याच्या जागी पळायला रॉबर्ट्सला पाठवला. सगळ्या स्टेडियमला ठाऊक होतं तो चोरणार, रिव्हेरालाही. तरी चोरला.

भाऊजी : डाव्या पानावर, 'दूध १२० मिली, ढेकर नाही.' उजवीकडे, 'रॉबर्ट्स २ ऱ्यावर चोरी.' आणि खाली हे काय... 'धाकट्याला फोन करायचा राहिला.'

वहिनी : गेम बाराव्या इनिंगमध्ये संपली, रात्री एक वाजून गेला होता. आमच्या ऑर्टिझचा होमरन. पोर त्यांच्या खांद्यावर, मी सोफ्यावर. तिकडे तुमच्याकडे सकाळचे अकरा वाजले असतील. मग आम्ही चारही जिंकलो आणि वर्ल्ड सिरीजही जिंकली, शहाऐंशी वर्षांनी. आणि नोमार असता तर झालं असतं का, यावर मी अजून भांडू शकते.

भाऊजी : त्यांनी केला नाही तो फोन. मला आठवतंय. आई दुसऱ्या दिवशी बोलली.

वहिनी : हो.

भाऊजी : म्हणजे ज्याच्याबद्दल तुमचं मत होतं तो गेला आणि ज्याच्याबद्दल नव्हतं त्यानं सीझन फिरवला. मग तर तुमचा सगळा युक्तिवादच पडला, वहिनी. मतं द्यायची ती चुकीच्या माणसावर दिली जातात.

वहिनी : पडू दे. पण मत नसतं तर मी पाहत बसले असते का? नोमारच्या रागानं रोज बघत राहिले, मला सिद्ध करायचं होतं की ते चुकलेत. म्हणून रॉबर्ट्स पळाला तेव्हा मी जागी होते.

भाऊजी : तर आता जागे राहा. मी परत विचारतो, तुमचा नियम, माझा नियम सगळं बाजूला ठेवून. ऑक्टोबरची वाट न बघता. आईचे गुडघे. करायचे का नाही?

वहिनी : एकच करा. उजवा. दोन्ही एकदम नको. डावा पाय घेऊन त्या जिना चढतात, व्हिडिओत मी पाहिलंय, कळ उजव्या पायाला आहे. आणि पावसाळा संपल्यावर करा, मी सहा आठवडे येते.

भाऊजी : डॉक्टर म्हणतात, एकदम दोन्ही केले की भूल एकदाच द्यावी लागते. या वयात तेच बरं. एक करून सहा महिन्यांनी दुसरा करायचा म्हणजे परत तेच सगळं. आणि सहा आठवड्यांनी तुम्ही जाल.

वहिनी : जाईन. माझं मत तरी एकच.

भाऊजी : आणि चुकलं तर?

वहिनी : तर पुढची एकवीस वर्षं ऐकवा. नोमारसारखं.